तुम्ही विचारलंत म्हणून : गरोदरपणात उलट्या सगळ्यांनाच होतात, मग हिलाच दवाखान्यात का न्यायचं?

हा प्रश्न आई विचारते, सासूबाई विचारतात, नवराही विचारतो. "आमच्या वेळी कुठे सलाईन लावत होते?" हे त्याला जोडूनच येतं. विचारणाऱ्यांना काळजीच असते, म्हणून नीट सांगते.

मळमळ दहातल्या सात-आठ गरोदर बायकांना होते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि बहुतेकींची विसाव्या आठवड्यापर्यंत जाते. शंभरातल्या फार तर तिघींना मात्र अति उलट्यांचा वेगळा आजार होतो. डॉक्टर त्याला हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम म्हणतात. त्यात दिवसातून किती वेळा उलटी झाली यापेक्षा पोटात काय टिकलं हे महत्त्वाचं. चार उलट्या होऊनही दीड लिटर पाणी टिकलं, तर ती घरी सांभाळता येते. दोनच उलट्या झाल्या, पण घोटभर पाणीही राहत नाही, तर सांभाळता येत नाही.

म्हणून घरात एक वही ठेवा आणि तीन गोष्टी लिहा. वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. गरोदरपणाआधीच्या वजनाच्या पाच टक्के घट, म्हणजे ६० किलोच्या बाईचं ३ किलो वजन कमी होणं, ही दवाखान्याची वेळ झाली. दुसरं, लघवी किती वेळा झाली आणि रंग कसा होता. तिसरं, पोटात टिकलेलं पाणी, अंदाजाने का होईना, मिलिलिटरमध्ये. "खूप उलट्या होतात" असं सांगण्यापेक्षा ही वही दाखवली की डॉक्टरांचा निर्णय लवकर होतो.

हा मनाचा खेळ नाही, हेही सांगायला हवं. वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि मेंदूतलं मळमळीचं केंद्र चाळवतं. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं, की गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात हे कमी असतं त्यांना ते अचानक वाढल्यावर जास्त सोसावं लागतं. थॅलेसेमिया असलेल्या बायकांच्या रक्तात ते आधीपासूनच भरपूर असतं, आणि त्यांना मळमळ फारशी होत नाही. तेव्हा "मन रमव, होईल कमी" या सल्ल्याने काही होत नाही, फक्त ती एकटी पडते.

आता पाणी, कारण बिघडतं ते इथेच. तहान लागली म्हणून ती ग्लासभर पाणी एकदम पिते, पोट ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं. उलटीनंतर दहा-पंधरा मिनिटं काही देऊ नका. मग चहाच्या चमच्याने एक चमचा, साधारण ५ मिलि, दर दोन-तीन मिनिटांनी. कंटाळवाणं काम आहे, पण तासाभरात १०० ते १५० मिलि आत जातं. ओआरएसचं मोठं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम कालवायचं. अर्धं पाकीट अंदाजाने टाकलं की मिठाचं प्रमाण चुकतं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. चव नकोशी वाटत असेल तर तेच पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि खडे चघळायला द्या, गार असलं की पुष्कळ जणींना टिकतं. टेट्रापॅकमधली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घरच्या पाण्यात पोटॅशियम नसतं, तेव्हा ते तात्पुरतंच.

खाण्यात "दोघांचं खा" हे या दिवसांत विसरा. जे टिकेल ते खा. अंथरुणातून उठण्याआधी दोन-चार घास कोरडं: साळीच्या लाह्या, खारी, टोस्ट, फुटाणे. मग दहा मिनिटांनी सावकाश उठायचं. कोरडं आणि पातळ एका वेळी नको, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून गार दहीभात, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, गार पेज. फोडणी, कुकरची वाफ, कांदा-लसूण यांचा वास फ्लॅटमध्ये कोंडून राहतो. ती आतल्या खोलीत असताना दार लावा, खिडकी उघडा, किंवा काही दिवस डबा लावा. आल्याचा चहा साध्या मळमळीत थोडा उपयोगी पडतो. या आजारात आल्यावर विसंबून दिवस घालवू नका. लोहाच्या गोळीने मळमळ वाढते, पहिले तीन महिने ती थांबवता येईल का हे डॉक्टरांना विचारा. फॉलिक ॲसिड मात्र चालू ठेवा. उलटीनंतर लगेच दात घासू नका, ॲसिडने मऊ पडलेलं दातांचं आवरण झिजतं. नुसती चूळ भरा, अर्ध्या तासाने घासा.

"औषधाने बाळाला काही झालं तर?" ही भीती सगळ्यात जास्त नुकसान करते. डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन (बी-६) यांची एकत्र गोळी गरोदरपणात अनेक दशकं वापरात आहे आणि सुरुवात बहुधा तिच्यानेच होते. ती हळूहळू विरघळते, म्हणून सकाळच्या मळमळीसाठी रात्री झोपताना घ्यायची असते. सकाळी उलट्या सुरू झाल्यावर घेतली तर ती बाहेरच पडते, आणि मग "गोळीचा गुण येत नाही" असं वाटतं. ठरल्या वेळी रोज घ्या, त्रास झाला तरच असं नको. झोप येते, गाडी चालवू नका. तिने भागलं नाही तर डॉक्टर मेटोक्लोप्रमाइड किंवा ऑन्डॅन्सेट्रॉन देतात. ऑन्डॅन्सेट्रॉनची जिभेवर विरघळणारी गोळी मिळते. त्याने बद्धकोष्ठ होतं, ते आधीच सांभाळा. पहिल्या तीन महिन्यांत घेतल्यास टाळू किंवा ओठ दुभंगण्याचा धोका दहा हजारात साधारण तिघांनी वाढतो असं मोठ्या अभ्यासात दिसलं. हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण पाण्यावाचून राहण्याचा धोकाही त्याच तराजूत घाला.

दवाखान्यात गेल्यावर नातेवाईक म्हणतात, "ग्लुकोज लावा, ताकद येईल." इथे थांबा. बरेच दिवस पोटात अन्न नसलं की शरीरातलं बी-१, म्हणजे थायमिन, संपत येतं. अशात आधी ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिन खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते: दोन-दोन दिसणं, तोल जाणं, असंबद्ध बोलणं. म्हणून आधी थायमिन, आणि बाटली नॉर्मल सलाईनची, रक्ततपासणी पाहून पोटॅशियमसह. "थायमिन दिलंय ना?" हे नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही. सोडियम, पोटॅशियम, किडनी, लिव्हर यांच्या तपासण्या आणि सोनोग्राफी होते. जुळं किंवा द्राक्षगर्भ (वारेची द्राक्षांच्या घडासारखी चुकीची वाढ) असेल तर उलट्या जास्त होतात. लघवीत कीटोन (उपाशी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी द्रव्यं) नाहीत म्हणून "काही नाही, घरी जा" म्हटलं, तर वजनाची वही पुढे करा. कीटोनवरून आजार किती तीव्र आहे ते ठरत नाही. थायरॉइडचा टीएसएच कमी आला तर घाबरू नका. गरोदरपणाच्या संप्रेरकानेच तो खाली येतो आणि बहुधा आपोआप सुधारतो.

आठ तास लघवी नाही, चोवीस तास काहीच टिकलं नाही, उलटीत रक्त, ताप, पोटात जोरात दुखणं, उभं राहिल्यावर अंधारी, धडधड किंवा बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही असलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा. पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर बाईच्या तपासण्या, औषधं आणि दाखल राहणं मोफत आहे. दाखल झाल्यावर सारखं पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून गुठळी होऊ न देणारी सुई पोटावर देतात. ती नाकारू नका.

स्वारगेटहून हिंजवडीला रोज बसने जाणारीने हे ओढत नेऊ नये. प्रसूती रजेखेरीज गरोदरपणातल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची कायद्यात तरतूद आहे, डॉक्टरांचा दाखला लागतो. आणि जीव नकोसा वाटतो असं ती म्हणाली, तर ते मनावर घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

पुढच्या वेळीही हा त्रास होण्याची शक्यता बरीच असते. म्हणून कोणती गोळी लागू पडली, किती मात्रेत, कोणत्या आठवड्यात, हे त्याच वहीत लिहून ठेवा. दिवस गेल्याचं कळताच, मळमळ सुरू व्हायच्या आधी, वही घेऊन डॉक्टरांना भेटा.