श्रावणबाळसाठी उत्पन्नाचा दाखला काढताना

"मॅडम, मुंबईत वर्षाला 21,000 वर कोण जगतं? 60,000 टाका, लगेच करून देतो." दाखल्याच्या खिडकीपलीकडून कारकुनाच्या तोंडून ऐकलेलं हे वाक्य आठवलं की अजून संताप होतो. श्रावणबाळ म्हणजे 65 वरच्या गरीब वृद्धांची सरकारी पेन्शन, आणि तिला उत्पन्नाची मर्यादाच वर्षाला 21,000. 60,000 चा दाखला घेऊन आत्याला काहीही मिळणार नव्हतं, आणि ते त्या कारकुनालाही माहीत होतं.

आत्या भांडुपला चाळीत एकटी राहते. काका गेले, मूलबाळ नाही. पूर्वी चार-पाच घरी पोळ्या लाटायची, गुडघे गेल्यापासून एकच घर उरलंय, महिना 1,600. लाडकी बहीणचे 1,500 यायचे, त्यावर तिचं भागायचं. 65 पूर्ण झाली, वयात बसेना, म्हणून ते थांबले. पुढचा रस्ता श्रावणबाळ योजनेचा. रक्कम तीच, 1,500. फक्त अट वेगळी, आणि ती नीट वाचा. लाडकी बहीणला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, शिवाय पिवळं-केशरी कार्ड असेल तर दाखलाच लागत नाही. श्रावणबाळला मर्यादा 21,000, म्हणजे महिन्याला 1,750, आणि दाखला हवाच. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी जी बाई सरकारच्या हिशेबाने गरीब होती, तिला दुसऱ्या दिवशी गरिबी नव्याने सिद्ध करावी लागते. आणखी पाच वर्षांनी, 70 पूर्ण झाली की मोफत उपचाराच्या आयुष्मान कार्डाला कुणी उत्पन्न विचारत नाही. रेशनवर शहरात प्राधान्य गटाला 59,000 ची मर्यादा. एकाच बाईला एवढ्या पट्ट्या लावायच्या!

आधार, रेशन कार्ड, लाइट बिल, फोटो, स्वयंघोषणापत्र हे सगळं सेवा केंद्रात बिनबोभाट झालं. अडलं ते आकड्यावर.

अर्ज शेरा मारून परत आला म्हणून आत्याला घेऊनच गेले. खिडकीवरच्या कारकुनांनी अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने मांडायला लागले. "आजी, लाइट बिल किती? गॅस किती दिवस जातो? औषधं?" आत्या हात जोडून एकेक सांगत होती. बेरीज 1,750 च्या वर गेली. "बघा, म्हणजे उत्पन्न जास्त आहे."

मी म्हटलं, औषधं मी आणून देते, सिलिंडरही मीच भरते.

"मग ते पण उत्पन्नच झालं ना!"

मी तिथेच उभी राहून वाद घातला आणि आजही घालीन. आपल्याकडे दारिद्र्यरेषा खर्चावरून काढायची पद्धत आहे. रंगराजन समितीने 2014 साली शहरातल्या एका माणसासाठी ती महिना 1,407 रुपये धरली, तीही 2011-12 च्या भावाने. पण श्रावणबाळची अट खर्चाची नाही, उत्पन्नाची आहे. भाचीने आणलेली रक्तदाबाची गोळी ही आत्याची कमाई कशी? आणि त्यांचं म्हणणं खरं धरलं, 21,000 वर मुंबईत कुणी जगत नाही असं मानलं, तर चुकीची ती मर्यादा आहे, आत्या नव्हे. ही मर्यादा तर अख्ख्या कुटुंबाची. शेजारच्या खोलीत म्हातारा-म्हातारी आहेत, त्यांच्या वाट्याला माणशी महिना 875 येतात. रंगराजनच्या जुन्या रेषेच्याही कितीतरी खाली. आकडा कमी वाटतो म्हणून वाढवून लिहायचा, हे कुठल्या नियमात बसतं?

रस्त्याला येताना आत्या म्हणाली, "जाऊ दे गं, नाही तर नाही." तेव्हा मात्र मी हट्टालाच पेटले.

मग एका कागदावर तीन भाग केले. स्वतः काय कमावते: 1,600 महिना, वर्षाचे 19,200. फुकट काय मिळतं: रेशनचं पाच किलो धान्य, खोली स्वतःची म्हणून भाडं नाही. दुसरं कोण काय देतं: गॅस, लाइट बिल, औषधं, माझ्या सहीनिशी. जिथे पोळ्या करते त्या बाई आधी पत्र द्यायला घाबरत होत्या, सरकारी लफडं नको म्हणून. साध्या कागदावर दोन ओळी पुरतात हे समजावल्यावर दिल्या. चाळीतल्या दोघांचे जबाब जोडले. तुम्हीही असंच करा: खर्च कुठून भागतो हे त्यांनी विचारण्याआधी लेखी द्या, म्हणजे त्यांना बेरीज करायला जागा राहत नाही.

आणि तोंडी नकार ऐकून परतू नका. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 चा आहे, दाखल्याला 15 दिवसांची मुदत आहे, आणि अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. मी अर्जातच लिहिलं की 19,200 मान्य नसेल तर कारण लेखी द्यावं, मी प्रथम अपील करणार आहे. कारण कुणी लिहून दिलं नाही. आतल्या कारकून बाईंनी कागद शांतपणे वाचले, आत्याला बसायला खुर्ची दिली, आणि दाखला झाला. त्यावर 19,200 च लिहिलंय. आत्याने तो घेतला तेव्हा मला रडू आवरेना.

हे सांगायचं राहिलं: दाखला 31 मार्चला संपतो, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच काढा, फेब्रुवारीत काढून उपयोग नाही. महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, त्याला जुनं रेशन कार्ड जपून ठेवा. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का तेही आधीच बघा.

आत्याचा अर्ज आता समितीपुढे आहे. मंजूर झाला तरी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागेल. तो मी देईन, पण ज्यांना भाची नाही त्यांच्यासाठी चाळीत कुणीतरी हे कागद भरून द्यायला बसायला हवं. आमच्या चाळीत रविवारी सकाळी मी बसते.