चेंडूवर चेंडू ठेवून ताऱ्याचा स्फोट

परवा नववीच्या तासाला ताऱ्याचा स्फोट दाखवला. साहित्य दोनच: टणक हवा भरलेला बास्केटबॉल (सुमारे ६०० ग्रॅम) आणि टेनिसचा चेंडू (५८ ग्रॅम). टेनिसचा चेंडू ७५ सेंटीमीटरवरून एकटा सोडला, तेव्हा ४० सेंटीमीटरच्या आसपास उसळला. मग बास्केटबॉलच्या डोक्यावर ठेवून दोन्ही एकदम सोडले. छोटा अडीच मीटरपर्यंत, पार छताजवळ गेला.

वर्गातला कल्ला ओसरल्यावर पुढच्या वेळी फक्त मोठ्या चेंडूकडे बघायला सांगितलं. एरवी चांगला अर्धा मीटर उसळणारा तो जेमतेम वीतभर उठला. त्याची ऊर्जा वरच्याने नेली होती. उंचीपेक्षा मला हेच निरीक्षण मोलाचं वाटतं.

प्रयोग बिघडतो तो सोडताना. छोटा चेंडू मध्यापासून जरा सरकला की तिरका सुटतो, थेट खिडकीकडे. सायकलच्या ट्यूबमधून ३ मिलिमीटर रुंदीची कडी कापून मोठ्या चेंडूवर सोल्यूशनने चिकटवली की छोट्याला बैठक मिळते. मोठा चेंडू दोन्ही तळव्यांत बाजूंनी धरायचा आणि हात झटकन फाकवायचे. खालून धरला तर हात काढताना तो फिरतो. पंखा बंद हवा, फरशी उघडी हवी. सतरंजीवर उसळी मरते.

मोठ्या ताऱ्यातला लोखंडाचा गाभा वजनाने सूर्याच्या साधारण १.४ पट झाला की त्याला स्वतःचा भार पेलत नाही. पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्या आत आक्रसून काही दशक किलोमीटरचा होतो, अणुकेंद्रकाइतका घट्ट होतो आणि उसळतो. गाभा म्हणजे आपला मोठा चेंडू; वरून कोसळणारे थर, म्हणजे छोटा चेंडू, त्यावर आदळतात.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, चेंडू दरवेळी उडतो. तारा दरवेळी फुटतो का?"

नाही फुटत. उसळीतून निघालेला आघाततरंग, म्हणजे धक्क्याची लाट, शे-दीडशे किलोमीटरवर अडतो, कारण लोखंडाची केंद्रकं फोडण्यातच त्याची ऊर्जा खर्च होते. गाभ्यातून बाहेर पडणाऱ्या न्यूट्रिनोंचा (कशालाही सहसा न अडणाऱ्या, अतिसूक्ष्म कणांचा) थोडासा वाटा तिथे शोषला गेला, तर तो पुन्हा उठतो. नाहीतर कृष्णविवर होतं. चेंडूंत न्यूट्रिनो नाहीत, हे मी फळ्यावर ठळक लिहिलं. मग २३ फेब्रुवारी १९८७ ची नोंद सांगितली: मोठ्या मॅजेलॅनिक मेघातला (आपल्या आकाशगंगेशेजारच्या छोट्या दीर्घिकेतला) तारा फुटला, तेव्हा जपानमधल्या कामिओकांदे शोधकात न्यूट्रिनो आधी पोचले, प्रकाश काही तासांनी. न्यूट्रिनो गाभ्यातून काही सेकंदांत निसटले. प्रकाशाला मात्र तरंग ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत येईतो थांबावं लागलं.