तुम्ही विचारलंत म्हणून: उपग्रहात माझं नक्की काय होतं?

मी सीओईपीची, म्हणजे पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजची, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या 'स्वयं' या उपग्रहाच्या टीममध्ये होते हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. "अगं वा! म्हणजे त्यात तुझं नक्की काय होतं?" आत्या विचारते, ऑफिसातली नवी पोरं विचारतात, एकदा मला बघायला आलेल्या मंडळींनीही विचारलं होतं. (स्थळ पुढे सरकलं नाही, पण त्यात उपग्रहाचा काही दोष नाही.)

छोटं उत्तर: चुंबक. ते ऐकून लोकांचे चेहरे पडतात, म्हणून आज लांबलचक सांगते.

'स्वयं' म्हणजे दहा सेंटिमीटर लांब-रुंद-उंच असा ठोकळा, वजन साधारण एक किलो. मंडईतून किलोभर बटाटे आणावेत, तेवढाच. 22 जून 2016ला सकाळी 9 वाजून 26 मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून इस्रोचं पीएसएलव्ही-सी34 रॉकेट उडालं, त्यात एकूण 20 उपग्रह होते. मुख्य पाहुणा कार्टोसॅट, पृथ्वीचे फोटो काढणारा इस्रोचा उपग्रह, 727.5 किलोचा. आमचा डबा आपला कोपऱ्यात. त्याचं काम निरोप्याचं: हॅम रेडिओवाल्या, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, एकाने वर पाठवलेला निरोप पोटात ठेवायचा आणि दुसरीकडे पोचवायचा.

आता निरोप द्यायचा तर अँटेना नीट दिशेला हवी, आणि अवकाशात सुटलेली वस्तू गरगरत असते. मोठ्या उपग्रहांना ती गरगर थांबवायला फिरती चाकं असतात, इंधन असतं. आमच्याकडे जागाही नव्हती आणि वीजही मोजकी, म्हणून आत कायमचं चुंबक बसवलं. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते तसा अख्खा ठोकळा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत वळतो. एक पैशाची वीज न खाता, स्वतःचा स्वतः. नाव 'स्वयं' ते यावरूनच.

पण सुई वळते तशी हेलकावतेही, आणि तिकडे तिला थांबवायला हवा नाही. त्यासाठी मऊ चुंबकीय धातूच्या बारीक कांड्या बसवतात. उपग्रह डोलला की त्या कांड्यांचं चुंबकत्व उलटसुलट होतं, त्यात डोलण्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. झोपाळा थांबवायला आपण जमिनीवर पाय घासतो ना, तसं. मला सगळ्यात आवडलेली गंमत वेगळीच. विषुववृत्तावर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला जवळपास समांतर असतं, ध्रुवांपाशी जवळपास उभं. त्यामुळे दीडेक तासाच्या एका फेरीत ठोकळा आपसूक स्वतःभोवती दोन गिरक्या घेतो. हे गणित पहिल्यांदा वहीत सुटलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सकाळी वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होती. वायवाचं काय झालं ते विचारू नका.

तर मी या चुंबकाच्या आणि कांड्यांच्या हिशेबावर काम केलं. साधारण दीड वर्ष.

लोकांना खटकतं ते हे दीड वर्ष. प्रकल्प सुरू झाला 2008मध्ये, उपग्रह उडाला 2016मध्ये. डिग्री चार वर्षांची. त्यातलं पहिलं वर्ष काही कळत नाही, दुसऱ्यात सीनियरांच्या मागे फिरायचं, तिसऱ्यात हात बसतो आणि चौथ्यात प्लेसमेंट. मध्ये सबमिशन, गॅदरिंग, फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धेच्या तालमी; रेगाटा, म्हणजे कॉलेजचा नौकानयनाचा सोहळा, जवळ आली की अर्धी टीम बोट क्लबावर वल्ही मारायला. संशोधनाला उरतं काय, तर बोट क्लबच्या कँटीनमधला चहा आणि रात्र. म्हणजे ज्यांनी सुरुवात केली त्यांनी उड्डाण पाहिलं ते बाहेरून, आणि ज्यांनी ते विद्यार्थी म्हणून पाहिलं त्यांनी सुरुवात पाहिलीच नाही.

म्हणून माझ्या मते आमच्या टीमचं खरं काम होतं पुढच्याला काम सोपवणं, आणि त्यात आम्ही सगळेच कच्चे होतो. 2013ला मी बाहेर पडले. वर्षभराने एका ज्युनियरचा फोन आला. "ताई, तुमच्या फाइलमध्ये कांड्यांच्या पानावर 'तपासले, ठीक' असं लिहिलंय. कशानं तपासलंत?" मी चाकणला कंपनीच्या शॉपफ्लोअरवर उभी, मागे प्रेसचा धडधडाट. आठवेना! तारीख नाही, उपकरणाचं नाव नाही, नुसतंच 'ठीक'. त्या बिचाऱ्याने सगळी मोजमापं पुन्हा केली. तेव्हापासून कंपनीत माझ्या रिपोर्टांवर तारीख, वेळ, यंत्राचा नंबर, सगळं असतं. माझे सहकारी वैतागतात.

आम्ही शाळांतही जायचो, पुठ्ठ्याचा ठोकळा घेऊन. मी आकडे पाठ करून जायचे आणि मुलं भलतंच विचारायची. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "वर बिघडला तर कोण जाणार दुरुस्त करायला?" कोणीच नाही, म्हटलं. "मग तुम्ही खालीच नीट बघा की!" आमच्या रिव्ह्यू मीटिंगांत इतकं मुद्द्याचं कमी वेळा बोललं गेलं असेल.

उड्डाणाच्या दिवशी कंपनीत माझी सकाळची शिफ्ट होती. टी-ब्रेक थोडा लांबवून मोबाइलवर पाहिलं. मग आमच्या वेळच्या एका सीनियरचा फोन आला, कांड्यांचं काम त्याच्याकडूनच माझ्याकडे आलेलं. थोडा वेळ दोघंही नुसतेच हसलो.

"तुझ्यानंतर तो भाग कोणी केला गं?"

मी त्या फोनवाल्या ज्युनियरचं नाव सांगितलं.

"आणि त्याच्यानंतर?"

ते मला माहीत नव्हतं.