शटर जड झालं की आधी चॅनल बघा

बडोद्यात कारेलीबागेतल्या आमच्या गॅरेजला हाताने उचलायचं, स्प्रिंगवालं लोखंडी शटर आहे. रुंदी 8 फूट, उंची 7 फूट. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, त्यानंतर ते जड होत गेलं. सगळे म्हणाले, स्प्रिंग गेली. स्प्रिंगा बदलायच्या आधी मी काट्यावर मोजून बघायचं ठरवलं.

सामान तोलायचा हुकाचा काटा हँडलला अडकवला. शटर वर ओढायला 24 किलो जोर लागला, खाली ओढायला 18. सगळं निदान या दोन आकड्यांत आहे. स्प्रिंग ढिली असती तर वर जाताना जड आणि खाली येताना आपोआप घसरलं असतं. दोन्हीकडे जड, म्हणजे घर्षण. शटर अर्ध्यावर सोडून बघायची नेहमीची परीक्षा इथे फसवते, कारण गच्च चॅनलमध्ये, म्हणजे शटर ज्यात सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या उभ्या लोखंडी खाचांमध्ये, ढिल्या स्प्रिंगचं शटरसुद्धा जागच्या जागी थांबतं.

चॅनलमध्ये टॉर्च मारला तर आतल्या कडांवर काळा, घट्ट थर. पुराचा गाळ होताच, पण खरा घोळ ग्रीसचा. आवाज येतो म्हणून चॅनलमध्ये ग्रीस भरतात. त्यावर धूळ बसते आणि शटरच्या आडव्या पट्ट्यांची टोकं घासणारा लगदा तयार होतो. जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने तो खरवडला, तारेच्या ब्रशने घासला, घासलेटात भिजवलेल्या फडक्याने तीनदा पुसला. फडकं पांढरं निघेपर्यंत थांबायचं नाही. पूर्ण वाळल्यावर सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात दिला. स्प्रे नसेल तर साधी मेणबत्ती आतल्या कडांवर घासली तरी चालते.

जमिनीपासून दोन फुटांवर चॅनलची कड आत दबली होती, बहुधा स्कूटर लागून. आतून लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने हलके ठोके दिले. लोखंडावर सरळ हातोडी मारली की नवा पोचा पडतो. तिथली एक पट्टीही बाजूला सरकून चॅनलला घासत होती. तीही लाकूड लावूनच जागेवर ठोकली. शटर तिरकं जात असेल तर अशी सरकलेली पट्टी आधी शोधा. ती सापडली नाही तर एका बाजूची स्प्रिंग तुटल्याचा संशय घ्या.

पुन्हा मोजलं: वर 9 किलो, खाली 4.

शटर ज्यावर गुंडाळतं त्या वरच्या पाइपावरच्या स्प्रिंगांना हात लावला नाही. शटर पूर्ण वर गुंडाळलेलं असतानाही त्यांच्यात ताण शिल्लक असतो. पाइप सुटला तर मनगट मोडू शकतं. ते काम शटरवाल्या कारागिराचंच. कव्हर उघडायला तो आला की स्प्रिंगच्या गुंडाळ्यांवर मशीन ऑइलचे थेंब सोडून घ्यावेत, गंजलेल्या गुंडाळ्या एकमेकींना घासून करकरतात.

पाऊस सुरू व्हायच्या आधी चॅनलच्या तळाचा गाळ काढा. तिथे पाणी साचलं की शटरची खालची पट्टी आतून गंजते आणि बाहेरच्या रंगावरून ते कळत नाही.