सोमवारी ठिबकलेली बिअर

ऑस्ट्रेलिया, २०२३ च्या जुलैतला सोमवार. अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये त्या जानेवारीपासून सोमवार-मंगळवारी दुकानातून घरी न्यायला दारू मिळणं बंद झालं होतं. बाकीच्या दिवशी दुपारी तीन ते सात, तेही माणशी दिवसातून एकदाच. अशा कडकडीत कोरड्या दिवशी मी गॅरेजच्या लिफ्टवर चढवलेल्या एका टोयोटा प्राडोखाली उभा होतो आणि माझ्या कपाळावर बिअर ठिबकत होती.

तक्रार मात्र ब्रेक ऑइलची होती. गाडी अ‍ॅडलेडची. आतून उतरलं ते मराठी कुटुंब: ताई, तिचा नवरा आणि कुडाळहून लेकीकडे आलेले तिचे आईवडील. माझ्या खिशावरचं नाव वाचून काकू म्हणाल्या, "अगो बाई, हा तर आपलाच!" मी वरोऱ्याचा, जिल्हा चंद्रपूर. कायमच्या व्हिसासाठी मोठ्या शहरांपासून लांब काही वर्षं काढावी लागतात, म्हणून या वाळवंटात मेकॅनिक होऊन पाने फिरवतो. काकांनी लगेच मला अरे-तुरे सुरू केलं, त्यामुळे पुढचं सगळं सोपं झालं आणि अवघडही.

मागचा डावा शॉकअप तेल टाकत होता, हे खरं. पण ठिबकत होतं ते तेल नव्हतं. बोट लावून वास घेतला आणि जावयाला विचारलं, "दादा, मागं काय भरलंय?" तो हसला. म्हणाला, "जरा सामान आहे."

गाडी खाली घेऊन डिकी उघडली. गाद्यांखाली बिअरचे चोवीस-चोवीस कॅनचे खोके एकावर एक, शेजारी वाइनच्या चार-चार लिटरच्या पेट्या, आणि टॉवेलात गुंडाळलेली काकांची ड्यूटी-फ्रीची सिंगल माल्ट. एक खोका म्हणजे नऊ लिटर, वजन जवळपास दहा किलो. शॉकअपनं मान टाकली यात नवल काय! हे सगळं अ‍ॅडलेडहून भरून आणलं होतं, कारण नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे आमचं गाव ज्या प्रांतात येतं तिथं, तेव्हा २०१८ पासून दारूला किमान भाव लावलेला होता. स्वस्त वाइन इथं स्वस्त राहत नव्हती. हिशेब चोख होता, पण ऊडनडाटा ट्रॅक धरून आले तिथं तो फिसकटला.

साउथ ऑस्ट्रेलियातल्या मारीपासून मार्लापर्यंत सहाशेवर किलोमीटरचा हा कच्चा रस्ता कित्येक ठिकाणी पन्हळी पत्र्यासारखा असतो. त्यावर गाडी तासन्‌तास थरथरते. मी एक कॅन उचलला. वरून नवाकोरा, सील शाबूत, पण हाताला हलका. शेजारच्या कॅनला टेकायचा तिथं पोटावर एक गोल भाग घासून चकचकीत झाला होता, भोवती काळपट चिकट मळ, आणि मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. कॅनचा पत्रा असतो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. दिवसभर एकमेकांवर घासला की जातोच. वाइनच्या पेटीतली पिशवीसुद्धा पुठ्ठ्याला घासून एका कोपऱ्यात पाझरत होती. इकडचे मुरलेले प्रवासी कॅन फ्रिजमध्ये घट्ट, उभे, मधे पुठ्ठ्याचे तुकडे घालून लावतात. काचेच्या बाटलीवर लोकरीचा जाड मोजा चढवतात. वाइनची पिशवी टॉवेलात लपेटून गादीच्या बाजूला ठेवतात. हे मी जावयाला दाखवत होतो आणि तो मोबाइलवर टिपून घेत होता. तेवढ्यात मालक आला. साठीचा माणूस, याच गावात जन्मलेला. त्यानं एवढंच विचारलं, "पुढं कुठं?"

"उलुरूचा तो मोठा खडक, मग ग्रेट सेंट्रल रोडनं पर्थ."

मालकानं खोक्यांकडे बघितलं, म्हणाला, "मग हे सगळं इथं उतरवा," आणि आत निघून गेला.

हा म्हणजे उलुरूजवळच्या युलारापासून वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या लॅव्हर्टनपर्यंत हजार किलोमीटरहून लांब रस्ता, जवळजवळ सगळा आदिवासींच्या मालकीच्या नाहीतर ताब्यातल्या जमिनीतून. परवाने दोन: टेरिटरीतल्या डॉकर रिव्हर वस्तीच्या बाजूचा, आदिवासींच्या जमिनी सांभाळणाऱ्या सेंट्रल लँड काउन्सिलचा, आणि पुढचा वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा. फुकट मिळतात. ताईनं दोन्ही काढले होते, पण अटींचा कागद उघडलाच नव्हता. मी तिच्याच फोनवर उघडून दाखवला. दारू आणायची नाही. पोलीस वॉरंटशिवाय गाडी तपासू शकतात, सापडलेली दारू रस्त्याकडेला ओतून देतात, आणि वेळ आली तर गाडीही ठेवून घेतात. त्या रस्त्याकडच्या वस्त्यांत पेट्रोल हुंगून पोरं वाया गेली, म्हणून २००५ पासून कमी वासाचं वेगळं पेट्रोल आणलं. जिथं पेट्रोलचीसुद्धा ही गत, तिथं बिअरचे खोके घेऊन निघायचं!

काकांनी मला बाजूला घेतलं. "अरे, गोव्याची बाटली इन्सुलीच्या नाक्यावरून कशी काढायची हे मला शिकवू नको. बिअर जाऊ दे खड्ड्यात. ही एकच बाटली स्टेपनीच्या वर बसव. तू मेकॅनिक, तुला जागा ठाऊक."

जागा ठाऊक होती. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, हद्द ओलांडली की पोलीस बदलतात, कोण विचारतो. तेही इथं चालत नाही. २००९ पासून या कोपऱ्यात नॉर्दर्न टेरिटरी, साउथ आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या तिघांचे पोलीस एकमेकांच्या हद्दीत काम करू शकतात. "पण आम्ही काय त्यांना विकणार आहोत? आमच्यापुरती आहे," काका म्हणाले. हा प्रश्न मला इथले पर्यटक नेहमी करतात.

बंदीनं दारू थांबते असं मी छातीठोक म्हणणार नाही. आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ बंदी होती, आणि वर्धा नदीपलीकडच्या वणीहून काय काय आलं ते आम्ही पाहिलंय. पण २०१० साली दारूबंदी मागायला चिमूरहून नागपूरला विधानभवनावर पायी गेलेल्या बायकाही आमच्याच होत्या. इथं २००७ मध्ये कॅनबेरातल्या केंद्र सरकारनं आदिवासी वस्त्यांवर वरून सरसकट बंदी लादली, तिचा राग अजून आहे. मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून अनेक वस्त्यांनी आपणहून गाव कोरडं करून घेतलं होतं, आणि त्यात बायका पुढं होत्या. आपल्याकडच्या आडव्या बाटलीच्या मतदानासारखंच म्हणा ना.

काकांना मी हे सांगितलं, पण ते ऐकले अल्बर्ट नामाट्जिराच्या गोष्टीनं. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर त्याच्या जलरंगातल्या पांढऱ्या खोडाच्या झाडांचं कॅलेंडर आहे. काकू मघापासून तेच बघत होत्या. १९०२ मध्ये इथून जवळच हर्मन्सबर्गला जन्मलेला हा आदिवासी चित्रकार. १९५७ मध्ये त्याला आणि त्याच्या बायकोला नागरिकत्व मिळालं, म्हणजे इतर गोष्टींबरोबर दारू विकत घ्यायचा हक्कही. त्याच्या भाऊबंदांना तो नव्हता. पुढच्याच वर्षी त्याच्यावर खटला झाला: रमची बाटली गाडीच्या सीटवर ठेवली, जिथून दुसऱ्या चित्रकाराला, त्याच्याच नात्यातल्या माणसाला, ती घेता आली. सहा महिन्यांची सजा, अपिलात तीन. त्यातले दोनेक महिने पापुन्या या आदिवासी वस्तीत काढून तो सुटला आणि १९५९ मध्ये वारला.

"सीटवर ठेवली म्हणून?" काकांनी विचारलं.

"हो. ती त्याची स्वतःचीच बाटली होती, काका."

ते बराच वेळ कॅलेंडरसमोर उभे राहिले. मग बाहेर येऊन जावयाशी वाद सुरू झाला. जावयाला ग्रेट सेंट्रल रोड सोडायचा नव्हता, ताईलाही नाही. मी दुसरा मार्ग सुचवला: उलुरू बघून डांबरी रस्त्यानं परत दक्षिणेला, दारू फ्रिजमध्ये बंद, मुक्काम करायचा तिथल्या पाट्या वाचून. टेरिटरीत दारूचा परवाना असलेल्या जागेपासून दोन किलोमीटरच्या आत उघड्यावर प्यायलाही मनाई आहे, त्यामुळे हमरस्त्यावरच्या, पेट्रोलपंप आणि बार असलेल्या रोडहाउसच्या कडेला खुर्च्या टाकून बसायची कल्पनाही सोडावी लागते. आणि रात्री रंगली तर सकाळी पोलिसांच्या फुंकायच्या नळीत गाडी चालवायच्या ०.०५ च्या मर्यादेवर आकडा दिसायचा. जावयाचा चेहरा पडला.

शॉकअप बदलून होईपर्यंत संध्याकाळ झाली. फुटके कॅन गॅरेजमागच्या मोरीत रिकामे केले. मालकानं सफाईचे वेगळे चाळीस डॉलर लावले आणि एक सेंटही सोडला नाही. शाबूत राहिलेले दोन खोके ताईनं कॅराव्हॅन पार्कात शेजारी उतरलेल्या, दक्षिणेला निघालेल्या म्हाताऱ्या जोडप्याला दिले. राहिली माल्ट.

"मी येत नाही," काका म्हणाले. "माझी कंबर आधीच गेली आहे त्या रस्त्यात. उलुरू दाखवा, मग मला तिथूनच विमानात बसवा. मी पर्थला तुमची वाट बघतो. बाटली मोठ्या बॅगेत जाईल, तिथं चालते ना रे?"

चालते म्हटलं, सील फोडू नका. काकू तेवढ्यात मागून म्हणाल्या, "मग माझंही तिकीट काढा. एकटे पर्थला पोचले तर आम्ही येईपर्यंत बाटलीत काय उरणार?"