हरलेल्या डावांची खतावणी

गेल्या रविवारी रात्री बुद्धिबळाच्या सात फेऱ्यांच्या एका ऑनलाइन स्विस स्पर्धेत, म्हणजे हरला तरी कोणी बाद होत नाही अशा स्पर्धेत, मला साडेचार गुण मिळाले. चार डाव जिंकले, एक बरोबरीत सुटला आणि दोन हरलो. शंभराहून अधिक खेळाडूंत माझा क्रमांक एकविसावा आला. नियमित खेळणाऱ्यांना यात विशेष काही वाटणार नाही, पण चार वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत मला सातपैकी एकच गुण मिळाला होता आणि तोही खेळाडूंची संख्या विषम असल्यामुळे वाट्याला आलेल्या 'बाय'चा, म्हणजे न खेळताच मिळालेला होता. म्हणून या साडेचार गुणांचा हिशेब मला नीट लिहून ठेवावासा वाटतो.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात मुनीम आहे. सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात सौदे, काटा आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या यांत दिवस कधी सरतो ते कळत नाही आणि बुद्धिबळासाठी रात्री साडेनऊनंतरचाच वेळ उरतो. हा खेळ मला वडिलांनी, म्हणजे आप्पांनी शिकवला. आमच्या गावी मारुतीच्या पारावर खेळले जाणारे बुद्धिबळ देशी पद्धतीचे होते. त्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकायचे, राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता यायची आणि पटाच्या टोकाला पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात जाईल तोच मोहरा होऊन उठायचे. आप्पांनी पहिल्यांदा माझ्या मोबाइलवर डाव पाहिला, तेव्हा ते चष्मा सावरत म्हणाले, "प्यादं दोन घरं कसं चाललं रं? खोटं खेळायलास का काय?" हे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, हे त्यांना पटवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्याचा किल्लेकोट त्यांना लगेच आवडला. मात्र दोन घरे पुढे आलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने वाटेतच मारता येते, हा नियम त्यांनी अजूनही मनापासून स्वीकारलेला नाही.

देशी खेळाने मला धीर दिला, असे मी मानतो. मोहरे सावकाश पुढे येत असल्यामुळे पट शांतपणे वाचण्याची सवय लागते. मात्र पारावर घड्याळ नव्हते. एकेका खेळीवर तंबाखू मळून होईपर्यंत विचार चालायचा आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नसे. माझी पुढची सगळी धडपड प्रामुख्याने या घड्याळाशीच झाली.

२०२० च्या टाळेबंदीत पुण्याला शिकणारा माझा भाचा घरी आला होता. "मामा, तुम्ही माझ्याशी तासतासभर खेळता, एकदा स्पर्धा खेळून बघा की," असे म्हणून त्यानेच मला लिचेसवर खाते उघडून दिले. २०१० मध्ये सुरू झालेले हे संकेतस्थळ देणग्यांवर चालते. तिथे जाहिरात नाही, शुल्क नाही आणि डाव संपल्यावर संगणकाकडून होणारे विश्लेषणही मोफत मिळते. आमच्यासारख्या पगारात घर चालवणाऱ्या माणसाला शिक्षकाची फी न भरता खेळ शिकण्याची सोय तिथे झाली आणि त्याबद्दल मी त्या मंडळींचा मनापासून ऋणी आहे. तिथे प्रत्येकाचे रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, १५०० पासून सुरू होते. ग्लिको-२ नावाची गणनापद्धती तुमच्या ताकदीबरोबरच त्या अंदाजाची खात्री किती आहे, हेही मोजते. म्हणून सुरुवातीला आकड्यापुढे प्रश्नचिन्ह दिसते आणि एकेका डावात रेटिंग मोठ्या उड्या घेते. माझे प्रश्नचिन्ह गेले तेव्हा आकडा १२१० वर आला होता.

पहिली दीड वर्षे मी फक्त अरेना स्पर्धा खेळलो. अरेनात ठरलेल्या वेळात जितके डाव होतील तितके खेळायचे असतात. विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण मिळतो, आणि लागोपाठ दोन डाव जिंकले की पुढच्या डावापासून गुण दुप्पट होतात. ही दुपटीची मालिका विजय हुकेपर्यंत टिकते. शिवाय डावाच्या आरंभी 'बर्सर्क' घेता येतो. त्यात आपली वेळ निम्मी होते आणि प्रत्येक खेळीमागे मिळणारे जादा सेकंदही जातात, पण जिंकल्यास एक गुण वर मिळतो. या रचनेत एक नशा आहे. एक डाव हरला की पुढचा तयारच असतो आणि हरलेल्या डावाकडे वळून पाहण्याची उसंत मिळत नाही. तास-दीड तासात मी पंधरा-पंधरा डाव खेळत असे आणि झोपायला जाताना त्यातला एकही डाव मला आठवत नसे. अरेना वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. ज्याचा पाया पक्का आहे त्याच्यासाठी ती उत्तम तालीम आहे. माझा पाया कच्चा होता आणि त्या घाईत मी तोच कच्चेपणा घोटून पक्का करत होतो.

बदल झाला तो दुकानातल्या खतावणीमुळे. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार आले तसे लिहिले जातात, पण कोणाकडे किती येणे आहे हे कळायचे असेल, तर प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर ओढावी लागते. एका मार्चअखेरीला हे काम करत असताना मनात आले की आपल्या डावांची रोजकीर्द लिचेसवर पूर्ण आहे, फक्त तिची खतावणी कोणी केलेली नाही. त्याच आठवड्यात लाल कापडी बांधणीची एक वही आणली आणि हरलेल्या प्रत्येक डावाची नोंद कारणाच्या खात्यावर करायला सुरुवात केली. तारीख, प्रतिस्पर्ध्याचे रेटिंग, डाव कोणत्या खेळीला हातातून गेला आणि का, एवढेच लिहायचे ठरवले. स्वतःला एक अट घातली की कारण आधी स्वतः शोधायचे आणि संगणकाचे विश्लेषण नंतर उघडायचे. संगणक घोडचूक कोणती हे लगेच सांगतो, पण त्या क्षणी मी काय विचार करत होतो हे त्याला माहीत नसते.

तीन महिन्यांत छप्पन्न पाने भरली आणि शहाण्णव पराभवांची नोंद झाली. मी तोवर समजत होतो की आपल्याला सुरुवातीच्या खेळ्या पाठ नाहीत, म्हणून आपण हरतो, आणि त्यासाठी रात्र-रात्र सिसिलियन बचावाचे व्हिडिओ पाहत होतो. वहीने निराळेच सांगितले. सुरुवातीच्या खात्यावर अवघे अकरा डाव होते. मोहरा फुकट दिल्याच्या खात्यावर सत्तावीस होते, वेळ संपल्याच्या खात्यावर बावीस, आणि उरलेले छत्तीस डाव मी अंतिम टप्प्यात, मोजके मोहरे उरलेले असताना गमावले होते. त्यांतल्या कितीतरी डावांत बरोबरी सहज हाताशी होती. सिसिलियनचे व्हिडिओ त्या दिवसापासून बंद केले.

छत्तिसांपैकी सर्वांत जास्त डाव हत्तींचे होते. एक स्थिती तर वारंवार यायची. दोघांकडे एकेक हत्ती आहे, प्रतिस्पर्ध्याकडे त्याशिवाय पटाच्या मधोमध एक प्यादे आहे आणि माझा राजा त्या प्याद्याच्या वाटेवर, शेवटच्या घरात उभा आहे. अशा वेळी भीतीने मी हत्ती राजाशेजारी, माझ्या पहिल्या रांगेत आणून ठेवायचो. माणूस घाबरला की घराचे दार लावून घेतो, तसेच ते होते. मग समोरचा राजा आरामात पुढे यायचा, माझा हत्ती जागचा हलू शकायचा नाही आणि प्याद्याचा वजीर व्हायचा.

या स्थितीवरचा उपाय अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ओळखला जातो. हत्ती आपल्या बाजूने मोजल्यास तिसऱ्या रांगेत आणून आडवा ठेवायचा, म्हणजे समोरच्या राजाला ती रांग ओलांडून पुढे येता येत नाही. मग नुसते थांबायचे, हत्ती त्याच रांगेत इकडून तिकडे सरकवायचा. राजाला वाट मिळत नाही म्हणून प्रतिस्पर्धी कधीतरी प्यादेच त्या रांगेत पुढे ढकलतो, आणि त्याच क्षणी हत्ती थेट पटाच्या पलीकडच्या टोकाला न्यायचा व मागून शह द्यायला लागायचे. प्यादे पुढे सरकलेले असल्यामुळे त्याच्या राजाला शहांपासून लपायला आडोसाच उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. एवढी साधी गोष्ट, पण ती हातात बसायला मला दोन महिने लागले, कारण समोरचा राजा अंगावर येत असताना आपला हत्ती दूर पाठवण्याची हिंमत करावी लागते. रोज रात्री लाकडी पटावर ती स्थिती मांडून मी दोन्ही बाजूंनी खेळत असे आणि शेजारी तीन मिनिटांचे घड्याळ लावत असे. पहिल्यांदा स्पर्धेत ती जमली, तेव्हा माझ्याकडे फक्त नऊ सेकंद उरले होते आणि दर खेळीला मिळणाऱ्या जादा दोन सेकंदांवर मी चोवीस शह दिले. त्या बरोबरीचा अर्धा गुण मला आजवरच्या कोणत्याही विजयाहून मोठा वाटतो.

त्यानंतर मी अरेना कमी करून स्विस स्पर्धांकडे वळलो. तिथे फेऱ्या ठरलेल्या असतात, कोणी बाद होत नाही आणि प्रत्येक फेरीत साधारण आपल्याइतकेच गुण असलेला प्रतिस्पर्धी समोर येतो. दोन फेऱ्यांमध्ये वहीत एक ओळ लिहिण्याइतका वेळ मिळतो. शनिवारी दहा मिनिटांचे आणि रविवारी तीन मिनिटे अधिक दर खेळीला दोन सेकंदांचे डाव, असा माझा क्रम आहे. रेटिंग आज १६४० च्या आसपास आहे. लिचेसचे आकडे फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, रेटिंगपेक्षा सहसा वरचे असतात हे मी विसरत नाही. फिडेच्या यादीतला सर्वांत खालचा आकडाच २०२४ पासून १४०० झाला आहे आणि त्या पटावर मी अजून बसलेलो नाही.

बसलेलो नाही याला अंतर हेही एक कारण आहे. रेटिंगच्या मोठ्या स्पर्धा पुण्या-मुंबईकडे किंवा नागपूर-नाशिककडे होतात आणि हंगामात दुकान सोडून रात्रभराचा प्रवास करणे मला शक्य नसते. नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ ची ग्रँड स्विस ही मोठी स्पर्धा जिंकली, नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या यार्डातही पेढे वाटले गेले. पण मला लातूरच्या मुलांची काळजी वाटते. या शहरात गावोगावची हुशार मुले शिकवण्यांसाठी येतात, त्यातली कितीतरी चांगली खेळतात आणि दहावीनंतर पट कपाटात जातो. आठवड्यातून एका रात्री दोन तासांची ऑनलाइन स्पर्धा त्यांच्या अभ्यासाचे काही बिघडवणार नाही, असे मला ठामपणे वाटते आणि भेटेल त्या पालकाला मी हे सांगतो.

वीज आणि इंटरनेटची अडचण मात्र खरी आहे. उन्हाळ्यात वळवाचा वारा सुटला की वीज जाते, राउटर बंद पडतो आणि मोबाइलच्या डेटावर जोडणी होईपर्यंत घड्याळ चालूच राहते. जिंकत आलेले डाव मी असे गमावले आहेत. अशा रात्री मला ३० ऑगस्ट २०२० आठवतो. ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या अंतिम लढतीत रशियाविरुद्ध खेळताना निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांची इंटरनेट जोडणी तुटली आणि वेळ संपल्यामुळे दोघांचे डाव गेले. बिघाड जगभर झाला होता, म्हणून फिडेने शेवटी भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्णपदक दिले. आता मी राउटरला छोटी बॅटरी लावली आहे, आणि खंडित झालेल्या डावांचे खाते वहीत वेगळे ठेवले आहे, म्हणजे त्यांच्या आडून माझ्या स्वतःच्या चुका लपत नाहीत.

रविवारच्या दोन पराभवांपैकी एक मोहरा फुकट दिल्याने झाला, त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. दुसरा सहाव्या फेरीतला होता. दोन राजे आणि प्रतिस्पर्ध्याचे एक प्यादे एवढेच पटावर उरले होते आणि स्थिती बरोबरीची होती. प्यादे अंगावर आल्यावर मला राजा सरळ मागे घ्यायचा होता, म्हणजे समोरचा राजा पुढे येताच एक घर सोडून मी त्याच्या समोर उभा राहिलो असतो. घाईत मी तो तिरका मागे घेतला.

सकाळी चहाच्या वेळी ही स्थिती पटावर मांडली. आप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पट पाहिला, बोटाने राजा सरळ मागे ओढला आणि म्हणाले, "हिथं जायचं की. त्यो आला का मग तू त्याच्या म्होरं." राजाच्या आणि प्याद्याच्या एकेक घराच्या या खेळात पारावरचे बुद्धिबळ आणि मोबाइलवरचे बुद्धिबळ यांत काहीच फरक नाही, हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आले नव्हते. मी दुसऱ्या बाजूने प्यादे घेतले आणि दुकानाची वेळ होईपर्यंत आम्ही तो डाव पाच वेळा खेळलो. आप्पांनी पाचही वेळा बरोबरी केली. मग प्याद्यांच्या खात्यावर तारीख टाकून मी लिहिले, 'राजा तिरका घेतला.'