फाळणीचा एकपात्री प्रयोग पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत उभा करताना

आधी तारखा पक्क्या करा. स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ ला मिळालं, पण रॅडक्लिफ रेषा, म्हणजे भारत-पाकिस्तानची सीमा, जाहीर झाली १७ ऑगस्टला. १५ ला खुलन्यात (आता बांगलादेशात) भारताचा झेंडा लागला होता, मुर्शिदाबादेत (आता पश्चिम बंगालात) पाकिस्तानचा. रेषा कळल्यावर दोन्हीकडे उलटं झालं. म्हणून प्रयोगातली खुलन्याची म्हातारी झेंड्याचा प्रसंग सांगते तेव्हा तिच्या आवाजात आनंदच हवा. पुढचं ठाऊक असल्याचा रडवेला सूर तिथे आला, की प्रसंग मेला.

सामान कमी ठेवा. एक लोखंडी पेटी आणि एक शाल पुरे. पात्र बदलताना आधी नजर वळवा, मग खांदे, शेवटी आवाज. एकदम सगळं बदललं तर मागच्या रांगेतल्या माणसाला कोण बोलतंय तेच कळत नाही.

खरी अडचण आवाजाची. धान निघाल्यावरचे प्रयोग उघड्यावर, रात्री, थंडीत होतात. कॉलर माइकवर शाल घासते आणि खरखर होते. आपल्याकडचे वरून टांगलेले माइक बरे, पण कुजबुज त्यात पोचत नाही; ती वाक्यं माइकखाली येऊनच घ्या. जनरेटर मंडपामागे लांब ठेवा, नाहीतर एकही शांतता टिकत नाही.

गडचिरोलीतल्या चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. तिथे नकली बंगाली हेल काढू नका. बंगाली वाक्य ठेवायचंच असेल, तर तिथल्याच एखाद्या आजीकडून आधी नीट म्हणवून घ्या.